गोदरी ते टाकी

मराठवाड्यात त्या जागेला गोदरी म्हणतात. गावाबाहेरची, पांदीच्या कडेची, बाभळींच्या आडोशाची जागा. बायांची वेगळी, गड्यांची वेगळी. बायांनी जायचं ते दिवस उगवायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात पोटात कळ आली तरी दाबून धरायची. बाळंतिणीला आणि गुडघे धरलेल्या म्हातारीलाही हाच नियम. रस्त्यावरून गाडीचा उजेड अंगावर आला की बसलेल्या बाया उठून उभ्या राहतात, गाडी गेली की पुन्हा बसतात. रात्रीच्या प्रवासात हे दृश्य ज्याने पाहिलं, त्याला संडासाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

हे खेड्यांचं झालं. मराठवाड्यातलं मानवत मात्र निव्वळ खेडं कधीच नव्हतं. परभणी जिल्ह्यातली ही कापसाची पेठ. निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली आणि गावापासून दूर का होईना, ‘मानवत रोड’ हे स्टेशन झालं. अशा पेठांमध्ये घरं दाटीची असत आणि रान लांब पडे. म्हणून मराठवाड्यातल्या जुन्या बाजारगावांत वाड्यांच्या मागच्या अंगाला टोपलीचे संडास आले. वर बसायला दोन दगड, खाली टोपली नाहीतर पत्र्याचा डबा आणि मागच्या भिंतीत बोळाकडे उघडणारी बुटकी झडप. घरातल्यांना मैला दिसत नसे, कारण तो काढणारी बाई पहाटे बोळातून येई आणि बोळातूनच जाई. पत्र्याच्या तुकड्याने खरवडून ती तो पाटीत भरी आणि पाटी डोक्यावर घेई. पावसाळ्यात पाटी गळे, ओघळ मानेवर येत. हे काम जन्माने वाट्याला येई आणि त्याबद्दल शिळी भाकरी वरून टाकली जाई.

मुंबई सरकारने 1949 मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली या कामगारांच्या स्थितीची चौकशी समिती नेमली. त्या वेळी परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणजे समितीच्या कक्षेबाहेर. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारा केंद्राचा कायदा आला तो थेट 1993 मध्ये.

हा प्रश्न संडासाचा नसून मैल्याचं पुढे काय होतं याचा आहे, हे महाराष्ट्रात फार आधी ओळखलं ते गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात या ब्राह्मण कैद्याने भंगीकाम मागितलं. परवानगी मिळेना म्हणून अन्न सोडलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी असे संडास बसवले, की मैल्याचं खत व्हावं आणि कुणाला तो हाताने उचलावा लागू नये. सोनखत हा शब्द आपल्याकडे होताच. अप्पांनी त्याला रीत दिली. तोच धागा देहूला डॉ. मापुसकरांनी पकडला. आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेल्या या माणसाने संडासाला जोडलेले गोबर गॅस बसवत अख्खं गाव बदललं. त्याला वर्षानुवर्षं लागली. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सरकारी रेटा आला 2000-01 मध्ये. ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि गावं खराटे घेऊन बाहेर पडली. तरीही 2011 च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातल्या 100 पैकी 38 घरांतच संडास निघाले. मग ‘गुड मॉर्निंग पथकं’ पहाटे गोदरीवर जाऊ लागली. कुणाला गुलाबाचं फूल, कुणाला दंड. टमरेल घेतलेल्या बाईला चारचौघांत अडवणं ही जबरदस्तीच होती, मोहिमेच्या यशाने ती झाकली जात नाही. केंद्राच्या स्वच्छ भारत अभियानात संडास बांधायला गावाकडच्या घरामागे 12,000 रुपये मिळाले. ऑक्टोबर 2017 मध्ये राज्याची शहरं आणि एप्रिल 2018 मध्ये खेडी हागणदारीमुक्त जाहीर झाली.

पण परभणीकडची जमीन काळी. पाणी तिच्यात लवकर मुरत नाही. टमरेलभर पाण्यावर भागत होतं तिथे आता बादली लागते, आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारं घर ती बादली कुठून आणणार? आलटून पालटून वापरायच्या दोन शोषखड्ड्यांत हिशेब सरळ असतो: एक भरला की बंद करायचा, वर्षभराने त्यातून कोरडं खत निघतं. पण खड्डा भरेल या धास्तीने लोकांनी मोठ्या बंद टाक्या बांधल्या. टाकीही भरतेच, आणि ती उपसायला माणूस लागतो.

मे 2023 मध्ये याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे अशीच टाकी साफ करताना पाच मजूर मेले. टाकीच्या तळाशी साचलेला विषारी वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि प्रमाण वाढलं की नाकच मारतो; वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं, आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

नीट साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. भाऊचा तांडा इथल्या घटनेनंतर पाच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तुमच्या घरची टाकी भरली असेल तर नगर परिषदेची मैला उपसणारी गाडी मागवा, 14420 ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. रोजंदारीवरच्या माणसाला पाचशे रुपये जास्त देऊन आत उतरवू नका.