नोटेची मागची बाजू

माँटेगो बेच्या विमानतळावरून निघालेली बस हॉटेलच्या दारात थांबली आणि सामान खाली उतरायच्या आतच एका हसऱ्या मुलीने आमच्या मनगटांवर निळे पट्टे बांधले. कात्रीशिवाय निघणार नाहीत असे. पुढचे पाच दिवस हा पट्टाच आमचे पाकीट होता. सकाळचा नाश्ता, दुपारी वाळूत आणून दिलेले शहाळे, रात्रीचे जेवण, हवी तेवढी रम, छत्रीखालची खुर्ची, या सगळ्याचे पैसे न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने तीन महिने आधीच भरून टाकले होते. या पद्धतीला ‘ऑल-इन्क्लूझिव्ह’ म्हणतात. मराठीत ‘सर्वसमावेशक’ म्हणायला हरकत नाही. पण तो शब्द आपण लोकशाहीसाठी राखून ठेवलेला आहे आणि इथे वापरताना जीभ जरा अडखळते.

तक्रारीला जागा नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. समुद्र ताटात पाणी ओतल्यासारखा सपाट, कारण लाटा दूरवर प्रवाळाच्या कड्यावरच फुटतात. गोंगाट नाही, फेरीवाले नाहीत, मागे लागणारे कोणी नाही. कित्येक वर्षांनी मी सलग चार दुपारी झोपलो. माझ्या पिढीला जमैका म्हणजे किंग्स्टनचे सबाइना पार्क, १९७१ चा दौरा आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावा. हा जमैका वेगळाच होता. यात जमैकाचे लोकच फारसे नव्हते. होते ते सगळे गणवेशात.

दुसऱ्या दिवशी चालत किनाऱ्याच्या टोकाला गेलो. वाळूत एक खांब, खांबापासून पाण्यात गेलेली तरंगत्या गोळ्यांची दोरी आणि सावलीत बसलेला पहारेकरी. दोरीपलीकडे तीच वाळू, तेच पाणी. तिथे दोन होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि एक बाई आंब्याची टोपली घेऊन बसली होती. पट्ट्यावर हे आंबे मिळणार नव्हते. मी अमेरिकन डॉलर दिले. तिने आंबे दिले आणि मोड म्हणून काही जमैकन नोटा. त्यात पन्नास डॉलरची एक जुनी, मऊ पडलेली नोट होती. या मालिकेतल्या नोटेच्या पुढच्या बाजूला सॅम्युएल शार्पचे चित्र आहे आणि मागच्या बाजूला माँटेगो बेमधला ‘डॉक्टर्स केव्ह’ हा किनारा. पुढच्या बाजूचा माणूस याच शहरात फासावर गेला. मागच्या बाजूने या शहराला नवा धंदा दिला. एका कागदाच्या दोन बाजूंमध्ये जे अंतर आहे, त्याचा माग घ्यावा असे तेव्हाच मनात आले.

साखरेच्या काळात किनाऱ्याला सौंदर्य नव्हते. माँटेगो हे नावच ‘मांतेका’, म्हणजे डुकराची चरबी, या स्पॅनिश शब्दावरून पडल्याचे सांगतात. स्पॅनिश लोक या बंदरातून चरबी आणि कातडी पाठवत. १६५५ मध्ये इंग्रज आले आणि पुढे बेट उसाखाली गेले. किनारा ही पिंपे चढवण्याची आणि माणसे उतरवण्याची जागा. मळेवाल्यांची घरे टेकडीवर असत, वाऱ्याच्या तोंडाशी, कारण खाली पीतज्वर होता. आजचा पर्यटक ज्या वाळूसाठी हजारो रुपये मोजतो, तिच्याकडे तेव्हाचा गोरा माणूस पाठ फिरवून बसे. २७ डिसेंबर १८३१ च्या रात्री माँटेगो बेच्या वरच्या डोंगरात केन्सिंग्टनच्या मळ्याला आग लागली. नाताळनंतर मजुरीशिवाय कामावर जायचे नाही, असा बेत बॅप्टिस्ट डीकन असलेल्या शार्पने गुलामांमध्ये पसरवला होता. त्याला हवा होता संप. झाले ते बंड. ते चिरडताना आणि नंतरच्या खटल्यांत शेकडो लोक मारले गेले. २३ मे १८३२ रोजी शार्पला माँटेगो बेच्या बाजारचौकात फाशी दिले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, गुलामी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये प्रत्यक्षात.

साखर त्यानंतर उतरणीला लागली. तिला टेकू देण्यासाठी मळेवाल्यांनी माणसे मागवली ती आपल्याकडून. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल हंटर’ हे जहाज ओल्ड हार्बर बे येथे गिरमिटियांना घेऊन आले आणि पुढच्या सत्तर वर्षांत सुमारे छत्तीस हजार हिंदी लोक या बेटावर पोचले. त्यांतले बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले, कलकत्त्याच्या बंदरातून निघालेले. हॉटेलात शुक्रवारी ‘जमैकन रात्र’ होती, तेव्हा जर्क चिकनशेजारच्या भांड्यावर ‘करी गोट’ अशी पाटी होती. माझ्या भाचेसुनेने ते खाऊन सांगितले की हळद जास्त झालीय. गांजा हा शब्दही त्याच जहाजांबरोबर तिकडे गेला. भांड्यावरच्या पाटीवर अर्थातच एवढे लिहिलेले नसते.

पर्यटक मात्र आणला केळ्यांनी. मॅसॅच्युसेट्सचा कप्तान लॉरेन्झो डाउ बेकर १८७० मध्ये जमैकातून केळ्यांचे घड भरून अमेरिकेला घेऊन गेला, ते खपले आणि त्यातून बोस्टन फ्रूट कंपनी आणि १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. केळी घेऊन जाणारी जहाजे येताना रिकामी येत. रिकाम्या जागेत थंडीने गारठलेले श्रीमंत भरले की येण्याचेही भाडे सुटे. त्यांना उतरवायला बेकरने पोर्ट अँटोनियोला टिचफील्ड हॉटेल चालवले. केळी, जहाज, हॉटेल, सगळे एकाच हातात. पाहुण्याचा पैसा बोस्टनमध्ये निघाला आणि बोस्टनलाच परतला. मला वाटते, ‘सर्व काही एकाच पावतीत’ या कल्पनेचे खरे मूळ इथे आहे, वाळूवरच्या छत्रीत नाही. सरकारनेही हातभार लावला: १८९१ मध्ये किंग्स्टनला मोठे प्रदर्शन भरवले आणि त्याच्या तयारीत आदल्या वर्षी हॉटेले बांधणाऱ्यांना सवलती देणारा कायदा केला.

पोहणे अजून औषधात मोडत होते. डॉ. मॅकॅटी नावाच्या डॉक्टरांनी १९०६ मध्ये माँटेगो बेमधली आपली समुद्राकाठची जागा स्नानाच्या क्लबासाठी दिली. तिथे एका गुहेतून पाण्यात उतरावे लागे, म्हणून ‘डॉक्टर्स केव्ह’. १९२० च्या दशकात इंग्लंडचे प्रसिद्ध हाडवैद्य सर हर्बर्ट बार्कर तिथे येऊन गेले आणि या पाण्याच्या गुणांची त्यांनी परदेशात तारीफ केली. मग रीघ लागली, हॉटेले उठली. १९३२ च्या वादळात गुहा पडली, नाव राहिले.

या पाण्यात कोण उतरत होते? क्लब म्हटले की सभासद आले, सभासद म्हटले की वर्गणी आणि ओळख आली; ‘काळ्यांना मज्जाव’ अशी पाटी लावायची गरजच पडत नसे. किंग्स्टनच्या मर्टल बँक हॉटेलात १९४८ मध्ये इव्हॉन ब्लेक हा काळा पत्रकार गोऱ्या पाहुण्यांच्या तलावात उघड उघड उडी मारून पोहला. पाहुणे पाण्याबाहेर आले आणि नंतर हॉटेलने तलाव उपसून टाकला. महाडचे चवदार तळे आणि त्यानंतर झालेले ‘शुद्धीकरण’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

पण तलाव उपसता येतो, समुद्राचे काय करणार? त्याची सोय १९५६ च्या किनारा-नियंत्रण कायद्याने केली. भरती-ओहोटीच्या रेषांमधली पट्टी आणि समुद्राचा तळ राजसत्तेच्या मालकीचे ठरले. धंद्यासाठी वापर करायचा तर परवाना घ्यायचा. लगतच्या जमीनमालकाला घरगुती वापराची मुभा राहिली, जुन्या वहिवाटीच्या मच्छीमारांचा हक्कही राहिला. पण सामान्य माणसाला किनाऱ्यावर जाण्याचा, पोहण्याचा सर्वसाधारण हक्क काही या कायद्याने दिला नाही. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला, कायदा तसाच राहिला. माझ्या मते, या कथेतला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. बाकीच्या भिंती नंतर आल्या.

आता पट्ट्याकडे येऊ. पैसे आधी, चैन नंतर, ही युक्ती युरोपात रुजली. बेल्जियमचा वॉटरपोलो खेळाडू जेरार ब्लिट्झ याने १९५० मध्ये मायोर्का बेटावर लष्कराच्या उरलेल्या तंबूंत ‘क्लब मेदितेराने’ सुरू केला. युद्धाने थकलेल्या लोकांनी एकत्र राहावे, जेवावे, पोहावे. खिशात पैसे नकोत. पुढे तिथे मण्यांच्या माळा चलन म्हणून आल्या. त्या माळा म्हणजे आमच्या निळ्या पट्ट्याच्या आज्या. जमैकात याच सुमाराची वेगळी, अतिश्रीमंतांसाठीची तऱ्हा म्हणजे पोर्ट अँटोनियोजवळचे फ्रेंचमन्स कोव्ह. कॅनडाच्या वेस्टन घराण्यातल्या ग्रेंजर वेस्टन यांनी ते काढले: एकदा रक्कम भरा, मग मागाल ते हजर. त्रिनिदादमधल्या गिरमिटियांचा नातू व्ही. एस. नायपॉल १९६२ च्या ‘द मिडल पॅसेज’ मध्ये इथल्या मुक्कामाविषयी लिहितो. मळ्यावर राबायला आलेल्यांचा नातू त्याच समुद्राकाठी पाहुणा! पुस्तकाचे नाव गुलामवाहू जहाजांच्या वाटेचे आणि त्यातच हा मुक्काम.

तरीही सामान्य पर्यटकासाठी भिंतीआडचे हॉटेल जमैकात रुजले ते १९७० च्या दशकात, आणि ते परक्यांनी नव्हे, जमैकनांनी रुजवले. मायकेल मॅनली १९७२ मध्ये पंतप्रधान झाले, १९७४ मध्ये त्यांनी लोकशाही समाजवादाची घोषणा केली. त्या वर्षांत पर्यटन खात्याच्या जाहिरातीत एक वेगळाच सूर होता: आम्ही नुसता किनारा नाही, आम्ही देश आहोत. पर्यटकांना उद्देशून एखाद्या सरकारने एवढे स्वाभिमानी वाक्य क्वचितच छापले असेल. पण देशात तेव्हा दोन पक्षांच्या वस्त्यांमध्ये बंदुका चालत होत्या. जून १९७६ मध्ये आणीबाणी आली. अमेरिकन वृत्तपत्रांतल्या बातम्या वाचून पाहुणे आटले, हॉटेले बंद पडू लागली, त्यांतली काही सरकारलाच ताब्यात घ्यावी लागली. परकीय चलनाचा खडखडाट झाला.

त्याच १९७६ मध्ये जॉन इसा यांनी नेग्रिलला ‘नेग्रिल बीच व्हिलेज’ उघडले आणि १९७८ मध्ये ओचो रिओसला जोडप्यांसाठीचे ‘कपल्स’. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात हिंसाचारात सुमारे आठशे लोक मेले. पुढच्याच वर्षी वातानुकूलन यंत्रे विकणाऱ्या गॉर्डन ‘बुच’ स्ट्युअर्ट यांनी माँटेगो बेमधले डबघाईला आलेले बे रॉक हॉटेल विकत घेऊन ‘सँडल्स’ सुरू केले. विमानांच्या घरघरीजवळचे ते हॉटेल. शहाणा माणूस घेणार नाही असे. चालले, आणि असे चालले की सगळ्या कॅरिबियनने कित्ता गिरवला.

का चालले, याचे सोपे उत्तर ‘भीती’ असे आहे आणि ते अर्धेच आहे. बाहेर पडायलाच नको, हे घाबरलेल्या पाहुण्याला हवे होते, हे खरे. पण पैसे डॉलरमध्ये, आगाऊ आणि बऱ्याचदा परदेशातच भरले जात, हे मालकाला हवे होते. किती कोंबड्या, किती बर्फ, किती रम लागेल हे आधी ठरते. हॉटेले टिकली, हजारो नोकऱ्या टिकल्या. त्या काळात दुसरे काय टिकले असते, हा प्रश्न टीकाकारांना विचारायलाच हवा. पण ज्याचे जेवण आधीच भरलेले आहे, तो गावातल्या खानावळीत कशाला जाईल? टॅक्सीवाला, लाकडी कोरीव काम विकणारा, मक्याची कणसे भाजणारी बाई ही सगळी पूर्वी पर्यटकांच्या अर्थव्यवहारात होती, कमी मानाने का होईना. भिंत उठल्यावर त्यांचे नाव ‘उपद्रव’ पडले. मला जो निवांतपणा लाभला, त्यात या सगळ्यांना वजा केलेले होते, आणि मी त्यात चार दुपारी झोपलो.

सुमारे अठ्ठावीस लाखांच्या या देशात २०१९ मध्ये मुक्कामाला आलेले पर्यटक जवळजवळ सत्तावीस लाख होते. नवी हॉटेले मोठमोठी, शेकडो खोल्यांची. ती किनाऱ्याला लागून उभी राहतात आणि मग मधली वाट बंद होते. अलीकडे लोक कोर्टात गेले आहेत. २०२१ मध्ये स्थापन झालेली जमैका बीच बर्थराइट एन्व्हायर्नमेंटल मूव्हमेंट ही संघटना मॅमी बे, ब्लू लगून यांसारख्या जागांसाठी लढते आहे. त्यांचा आधार मजेदार आहे: १८८२ चा एक वसाहतकालीन कायदा, ज्यानुसार वीस वर्षे अखंड वहिवाट असेल तर किनाऱ्यावर हक्क सांगता येतो. म्हणजे आजी इथे आंघोळीला येत असे, हे सिद्ध करायचे. १९५६ चा कायदाच रद्द करावा, अशीही त्यांची मागणी आहे.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा त्या दोरीपाशी गेलो. आंबेवाली आणि पहारेकरी दोरीच्या दोन बाजूंना बसून त्यांच्या पाटवा बोलीत गप्पा मारत होते. ती त्याची मावशी निघाली. मी त्याला नोट दाखवली, तर तो हसला. पोहायला तो इथेच शिकला म्हणाला, दोरी नव्हती तेव्हा. आता सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन नोटेवरच्या त्या किनाऱ्यावर जातो. तिथे तिकीट काढावे लागते.