एकच नंबर

परवा माळा आवरताना फोन नंबरांची जुनी वही सापडली आणि मागच्या जानेवारीतली माझी फजिती आठवली. लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं होतं. नातेवाईकांना अर्धी गोष्ट माहीत आहे, उरलेली अर्धी आज सांगतो.

आमचं गाव कुरवंडे. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या बाजूनं गेलं की नागफणीजवळचं. गावातून जुनी घाटवाट खाली कोकणात चावणीला उतरते. याच वाटेनं कार्तलबखानाची फौज उतरली आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी तिला उंबरखिंडीत गाठलं. पुढची वाट बंद, मागची बंद, दोन्ही बाजूंना रान. शेवटी शरण जाऊन, खंडणी भरून खान सुटला. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट, पण खिंडीत अडकणं म्हणजे काय हे मला जरा वेगळ्या प्रकारे कळायचं होतं.

झालं असं की मी एकटाच घाट उतरलो. (एकट्यानं जाऊ नये, मान्य. घरी बोलणी खाऊन झाली आहेत.) खाली स्मारकाजवळ फोटो काढताना पाय घसरला, घोटा मुरगळला आणि मोबाईल सरळ अंबा नदीच्या पाण्यात. लंगडत चावणीत पोचलो. एका भल्या माणसानं पाणी दिलं, स्वतःचा फोन पुढे केला आणि म्हणाला, "लावा घरी."

आणि मी नुसता बघत बसलो. बायकोचा नंबर? पहिले चार आकडे आले, पुढे कोरी पाटी. वीस वर्षांचा संसार, रोज चार फोन, पण तो नंबर मी कधी लावलेलाच नव्हता. मी फक्त नाव दाबत होतो. दादाचा? तेच. बोटांनी आपणहून काय लावलं, तर ०२११४ आणि पुढे आमच्या जुन्या घरच्या फोनचे आकडे. तो फोन बंद होऊन कैक वर्षं झाली!

असं का झालं याचा नंतर विचार केला. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं २८ जानेवारी १८८२ ला. तेव्हा आणि नंतरही बराच काळ, ऑपरेटरला सांगायचं आणि तो जोडून द्यायचा. २६ नोव्हेंबर १९६० ला कानपूर-लखनौ ही देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली, तेव्हा परगावचा नंबर माणसाला स्वतः फिरवता येऊ लागला. आमच्यापर्यंत हे सगळं यायला पुढची कितीतरी वर्षं गेली. माझ्या लहानपणी गावात आमचा फोन म्हणजे वाण्याच्या दुकानातला. लग्नपत्रिकेवर नंबरापुढे कंसात 'पी. पी.' छापायचं, म्हणजे शेजाऱ्याचा फोन, निरोप मिळेल. अख्ख्या आळीला तो एक नंबर पाठ होता. कुणी गेलं, कुणी बाळंत झालं, सगळं त्याच नंबरावर.

तेव्हा नंबर माणसाचा नसायचा, जागेचा असायचा. घराचा, दुकानाचा. उचलेल तो आपलाच आणि निरोप पोचणार याची खात्री.

२६ जुलै २००५ आठवतोय ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. दादा तेव्हा अंधेरीत नोकरीला होता. रात्रभर आई फोनशेजारी बसून. वडील दर तासाला त्याचा मोबाईल लावायचे, लागायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरचा फोन वाजला. मोबाईल कधीच मेला होता. कुठल्याशा दुकानाबाहेरचा एक रुपयावाला लाल डबा त्याला चालू सापडला होता. मागे रांग, म्हणून तो एवढंच बोलला, "मी बरा आहे, सगळ्यांना सांगा." बस्स. पुढचे दहा फोन आईनं केले. त्याला दहा नंबर पाठ असायची गरज नव्हती. एकच होता, तो पुरला.

मोबाईल आले आणि नंबर माणसागणिक झाला. घरात पाच माणसं, सात नंबर, प्रत्येकी दहा आकडे! जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्येच लिहून ठेवलंय की माणसाच्या तात्पुरत्या लक्षात साधारण सात गोष्टी राहतात, दोन इकडे किंवा दोन तिकडे. लोणावळ्याचा सहा आकडी नंबर त्यात सहज बसायचा. आता पाठ करणं आपण यंत्रावर सोपवलं, आणि यंत्र पाण्यात.

असो. चावणीत शेवटी मला एक नंबर आठवला, आईचा. वडिलांनी तो तिला २००४ मध्ये घेऊन दिला होता. २०११ च्या जानेवारीत देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली, तेव्हाही तिनं बजावलं, "काय हवं ते बदला, नंबर बदलू नका." इतक्या फॉर्मांवर तो लिहिलाय की बोटांत मुरला होता.

आईनं फोन उचलला. माझा आवाज ऐकून जरा थांबली आणि म्हणाली, "थांब, वही आणते." मग जोड्या-जोड्यांनी आकडे सांगितले, "अठ्ठ्याण्णव... तेवीस..." दीड तासानं दादा खोपोलीमार्गे गाडी घेऊन हजर.

संकटात ११२ लावावा, मदत येते, हे खरंच. पण "मी बरा आहे" हे ११२ ला सांगून भागत नाही.

तेव्हापासून मी मुलीला सगळ्यांचे नंबर पाठ करायला लावत नाही, फक्त आजीचा. ती 'नाइन एट टू थ्री' करत म्हणते, आजी 'अठ्ठ्याण्णव तेवीस' करत तपासते. मागच्या महिन्यात आई सहज म्हणाली, "मी गेल्यावर हा नंबर कोण ठेवणार, ते आत्ताच ठरवा. आणि वही कुणाकडे, तेही."

आम्ही दोघं भाऊ गप्प. अजून ठरलेलं नाही. सापडलेली जुनी वही मात्र मी टेबलावर ठेवली आहे, आणि रोज थोडे थोडे नवे नंबर तिच्यात उतरवतोय.

तुमच्या घरी असा एक नंबर आहे का?