स्पीकर, गोधड्या आणि ८४ सालची कॅसेट

गेल्या महिन्यात पौडच्या घरी नवे स्पीकर आले. किंमत विचारू नका. घरातही खरा आकडा कुणाला सांगितलेला नाही. बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत होतो, एवढंच. वरच्या मजल्यावरची बारा बाय पंधराची खोली खास गाणं ऐकायला म्हणून रिकामी केली, दोन्ही पेट्या कोपऱ्यांत लावल्या, आरामखुर्ची मागच्या भिंतीला टेकवली आणि मोठ्या थाटात भीमसेन लावले. भयानक! विहिरीत तोंड घालून कुणी गावं तसा आवाज. तानपुरा तर नुसता घों घों करत होता.

दोष स्पीकरचा नव्हता, खोलीचा होता. खाली विट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर. आवाज एकदा बाहेर पडला की त्याला मुरायला जागाच नाही.

ह्या दुखण्यावर पहिल्यांदा नीट डोकं चालवलं ते वॉलेस सॅबिन ह्या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये विद्यापीठाचं एक नवं व्याख्यानगृह त्याच्या गळ्यात पडलं. तिथे बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमायचा, म्हणजे पुढची दोन वाक्यं मागच्या वाक्यात बुडणार. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनच्या एका नळीचा सूर काढायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. मग आणखी काही गाद्या, परत मोजणी. सकाळच्या आत सगळ्या जागच्या जागी! ह्या हमालीतून सूत्र निघालं: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळणार, आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका लवकर विरणार. त्या हिशोबावर बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला. आजही तो जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

माझ्याकडे नाट्यगृहाच्या गाद्या नव्हत्या, पण आजीच्या गोधड्या होत्या. जुनी लुगडी आणि धोतरं घालून शिवलेल्या, चांगल्या जाड. सात-आठ भिंतींवर टांगल्या, खाली सतरंजी घातली. आत्या दारात उभी राहून बघत होती. "वाळत घातल्यात का काय रं?" म्हणाली. टाळी वाजवून दाखवली, तर तिलाही फरक कळला. उगाच नाही. जुन्या घरात ती आयुष्यभर ह्याच आवाजात राहिली होती: मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं. ती खोली आपली आपणच आवाज पिऊन टाकायची.

गोधड्या वरचे सूर आवरतात, खर्ज त्यांना जुमानत नाही. लांब ध्वनिलहरी कापडातून खुशाल आरपार जातात. पंधरा फुटांच्या खोलीत साधारण ३८ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये बरोबर बसतो आणि फुगतो. कोपरा त्याला आणखी फुगवतो. त्यावर उपाय म्हणजे ढकलाढकली. पेट्या भिंतीपासून तीन फूट पुढे आणल्या, खुर्चीही मागच्या भिंतीपासून सोडवली, मग सहा सहा इंच इकडेतिकडे. ह्यात एक अख्खा रविवार आणि माझी कंबर गेली. आतली यंत्रणा मात्र शंभर वर्षं फारशी बदललेली नाही. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग ह्यांनी चुंबकात तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला कागदी कोन अशी रचना मांडली, आणि माझी सगळी बचत खाऊन बसलेली वस्तू मुळात तीच आहे!

आवाज जागेवर आल्यावर आत्या म्हणाली, "आईची कॅसेट लाव की." १९८४ साली घरातल्या एका लग्नात, हळद दळताना, काकाने टू-इन-वनवर भरलेली कॅसेट. एकच माइक, म्हणजे मोनो. दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज येतो, आणि बरोबर मध्ये बसलं तर तो मधल्या रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटतो. कानांच्या ह्याच सवयीवर ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनियरने १९३१ मध्ये स्टीरिओचं पेटंट मागितलं. असो. समोर गोधडीच्या पुढ्यात, जिथे काहीच नव्हतं तिथे, जातं फिरायला लागलं.

जातं तसं आमच्याकडे केव्हाच बंद पडलं होतं. वीज आली, तिच्यामागून पिठाची गिरणी आली. बायकांची पहाटेची ढोरमेहनत सुटली हे उत्तमच झालं, त्याबद्दल गळा काढणाऱ्यांनी आधी पायलीभर दळून दाखवावं. पण दळण गेलं आणि ओवीची जागाही गेली. ह्याच मुळशीचं पाणी पश्चिमेला वळवून, कोकणात भिऱ्याला खाली सोडून १९२७ पासून वीज होतेय, ती मुंबईसाठी. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसलेल्या मावळ्यांच्या घरांतही पहाटे जातीच फिरत असणार.

त्या ओव्या पार हरवल्या नाहीत, ह्याचं श्रेय गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर ह्यांना. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आमच्या डोंगरी पट्ट्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या इतर गावांतल्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल ह्यांनी १९९० च्या दशकात कित्येक तासांचं ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं आहे.

आमच्या कॅसेटवर फक्त "लग्न ८४" आहे.

आत्या डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "जातं रिकामं फिरतंय. वैरण घालायची विसरल्या." खरंच, दोन ओव्यांनंतर कुणीतरी मूठभर हळकुंडं टाकली आणि घरघर जड झाली. इतक्या वर्षांत मला हे ऐकू आलं नव्हतं. मग मी म्हटलं, "आजीचा आवाज किती खणखणीत होता ना?"

"ती आई नव्हं," आत्या म्हणाली. "ती शेजारची काकू. आई मागनं धरती ती."

मी टेप मागे घेतली. चाळीस वर्षं ज्या आवाजाला आजी समजत आलो, त्याच्या मागे, माइकपासून जरा लांब, एक बारीक, थकलेला आवाज होता. ओवीचं शेवटचं अक्षर उचलून तो थोडा रेंगाळायचा. खणखणीत अजिबात नाही. आत्याने पदर डोळ्यांना लावला आणि मी पुन्हा मागे घेतली. आणि पुन्हा.

कव्हरवर आता दोन नावं लिहिली आहेत. तिसरीही एक बाई आहे, शेवटच्या चार ओव्यांत, खोकत खोकत गाणारी. आत्याला ती ओळखता आली नाही. त्या लग्नाला असलेल्यांपैकी कुणी पौडला आलं तर दहा मिनिटं वर येऊन ऐकून जा. चहा मिळेल.