वीक्सचं हरीण, झरीचा बैल

एलिमेंटरी-इंटरमिजिएटनं आमच्या पोरांना चित्र पुरं करायची सवय लावलीय. वस्तुचित्रात तांब्याची सावली नीट पडली की ग्रेड हमखास. ॲनिमेशनला नेमकी हीच सवय आडवी येते. मराठवाड्यातल्या झरी गावात माझ्याकडं फिल्म करायला बसलेल्या आर्टच्या मुलांनी पहिला बैल असा काढला, की कॅलेंडरवर शोभावा. पण सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी बारा बैल!

"सर, शेडिंग राहू द्या की."

"बाराही बैलांना सारखंच देऊन दाखवा, मग ठेवू."

हे सांगायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं. आपल्याकडं असा माणूस फार उशिरा आला. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले. त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका फ्रेमनं टिपली, पुढं आगकाड्या नाचवल्या. पुण्याच्या प्रभातनं १९३४ साली 'जंबू काका' हे कार्टून काढलं. पराक्रम मोठे, पण त्यातून शिकवण्याची घडी काही बसली नाही.

ती बसली १९५६ साली, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. अमेरिकेच्या तांत्रिक मदतीतून तिथं क्लेअर वीक्स आले. जन्म भारतातलाच, मिशनरी घरातला. डिस्नेकडं 'बॅम्बी', 'पीटर पॅन'वर काम केलेलं. कार्टून युनिटातल्या मंडळींना त्यांनी तयार केलं आणि त्यातूनच १९५७ साली 'द बॅनियन डिअर' ही फिल्म झाली. गोष्ट जातकातली, वळण अजिंठ्याच्या चित्रांचं. डिस्नेकडचा माणूस, पण आमच्या मराठवाड्यातल्या भिंतींवरून धडा घ्यायला लावतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं. दिल्ली-मुंबईच्या लेखांत ही गोष्ट एका ओळीत उरकतात.

त्या युनिटात राम मोहन होते, रसायनशास्त्र शिकता शिकता इकडं वळलेले. १९७२ साली त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. 'शतरंज के खिलाडी'तला कार्टूनचा भाग त्यांचाच. जे.जे.तून बाहेर पडलेल्या गीतांजली राव याच स्टुडिओत शिकल्या. पुढं त्यांची जवळजवळ एकहाती रंगवलेली 'प्रिंटेड रेनबो' २००६ साली कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात गाजली. वीक्सपासून इथवर विद्या अशी टेबलाटेबलानं आली.

टेबलावर शिकवतात तरी काय? कागद बोटांच्या बेचक्यांत धरून वर-खाली फडकवायचे, म्हणजे बैल तिथल्या तिथं चालायला लागतो आणि लबाडी उघडी पडते. आमचा बैल चालत नव्हता, तरंगत होता. मुलांना जिंतूर रोडला पाठवलं, बैलगाडीच्या मागं चालायला. परत आल्यावर एक जण म्हणाला, "सर, पाऊल टेकलं की मान खाली येती." झालं! नंतर त्यांनी मानेची रेघ प्रत्येक कागदावर जराशी खाली-वर केली आणि बैलाला वजन आलं. सावलीची कुणाला आठवणही राहिली नाही.

मग त्यांना वीक्सचं हरीण दाखवलं. "लई हळू आहे, सर," हा पहिला शेरा. मला वाटलं, रील्स बघून वाढलेली पोरं. पण हरणं पळतात तिथं एका मुलीनं फिल्म थांबवली, मागं घेतली, पुन्हा थांबवली. मागचे पाय पोटाखाली कुठवर येतात ते तिला बघायचं होतं. आमच्या बैलाचा मागचा पाय अजून घसरतोय, त्यामुळं ते दोन-चार कागद ती नव्यानं काढणार आहे.