होंगकोउचे निर्वासित दुकानदार

मार्च १९३८मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूंची दुकाने व सिनेगॉग जाळली गेली. देश सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही, पण बहुतेक देशांनी दारे लावून घेतली होती. शांघायचे बंदर मात्र मोकळे होते. शहराचा मोठा भाग परकीयांच्या वसाहतींत मोडत होता आणि १९३७मध्ये चीन-जपान युद्ध पेटल्यानंतर बंदरावर पासपोर्ट तपासायला चिनी अधिकारीच उरला नव्हता. शांघायला उतरायला व्हिसा लागत नसे, तो लागे जर्मन हद्दीतून सुटायला. व्हिएन्नातील चिनी महावाणिज्यदूत हो फेंगशान यांनी हजारो व्हिसा दिले, ते यासाठीच उपयोगी पडले. ऑगस्ट १९३९मध्ये प्रवेशावर निर्बंध आले, तरी १९४१पर्यंत जर्मन, ऑस्ट्रियन आणि पोलिश ज्यू मिळून १८ ते २० हजार माणसे तेथे पोचली.

निघताना माणशी फक्त १० मार्क नेता येत. दुकान, घर, ठेवी मागेच राहत. घरसामानाला मात्र बऱ्याच अंशी मुभा होती, म्हणून हाती असलेला पैसा कॅमेरे, चामड्याच्या वस्तू, चिनीमातीची भांडी यांत घालून पेट्या भरल्या गेल्या. पुढे हेच सामान विकून धंद्याचे भांडवल उभे राहिले. त्रिएस्त आणि जिनोआहून निघणाऱ्या इटालियन बोटी सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग असा सुमारे चार आठवड्यांचा प्रवास करीत. मुंबईत बोट थांबे, पण ब्रिटिश हिंदुस्थानात उतरायला परवाना लागत असल्यामुळे बहुतेकांना मुंबई पाहायला मिळे ती डेकवरूनच.

शांघायमध्ये मात्र मुंबईशी नाते असलेली माणसे भेटत. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी १८३२मध्ये मुंबईत बस्तान बसवले आणि १८४४मध्ये मुलगा एलियास याला चीनला पाठवले. अफू आणि कापसाच्या व्यापारावर या घराण्याचे वैभव उभे राहिले. याच घराण्यातील व्हिक्टर ससून यांनी १९३०च्या सुमारास आपला कारभार मुंबईहून शांघायला हलवला होता. त्यांच्या एम्बँकमेंट इमारतीचा एक मजला निर्वासितांना उतरण्यासाठी देण्यात आला.

श्रीमंत वसाहतींत खोली परवडत नसे. होंगकोउ हा भाग १९३७च्या लढाईत उद्ध्वस्त झाला होता, त्यामुळे तेथील भाडे स्वस्त होते. पडक्या घरांची डागडुजी करून निर्वासितांनी चुसान रोडच्या आसपास बेकऱ्या, सॉसेजची दुकाने, शिंप्यांची दुकाने आणि कॅफे थाटले, आणि या भागाला ‘छोटे व्हिएन्ना’ म्हणू लागले. बर्लिनमध्ये कपड्यांचे दुकान असलेले ब्लुमेंथाल कुटुंबही येथेच राहिले. त्यांचा मुलगा मायकेल पुढे अमेरिकेचा अर्थमंत्री झाला.

या दुकानांचे अर्थशास्त्र मुळातच नाजूक होते. मजुरीत चिनी कामगारांशी स्पर्धा करणे अशक्य होते, कारण त्यांच्या रोजावर युरोपीय कुटुंबाचे पोट भरत नसे. मग विकायचे ते चिनी कारागीर बनवत नसे असे काहीतरी: व्हिएन्नाचे केक, हातपिशव्या, युरोपीय शिवणकाम. श्रीमंत परकीय वा चिनी गिऱ्हाईक मिळवणारा दुकानदार तगे. बाकीच्यांचे गिऱ्हाईक म्हणजे दुसरे निर्वासित, आणि त्यांच्या खिशात असे ते विकलेल्या सामानाचे किंवा अमेरिकन ज्यू संस्थांच्या मदतीचे पैसे. हजारो लोक तर ‘हाईम’ म्हटल्या जाणाऱ्या आश्रयगृहांतल्या जेवणावरच जगत. दानाच्या पैशाचेच हे फिरते चलन होते, असे म्हटले तर फारसे चूक नाही.

डिसेंबर १९४१मध्ये जपान-अमेरिका युद्ध पेटले आणि मदतीचा ओघ आटला. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी शहर ताब्यात असलेल्या जपान्यांनी, १९३७नंतर आलेल्या ‘राष्ट्रहीन’ निर्वासितांनी तीन महिन्यांत होंगकोउमधील जेमतेम एक चौरस मैलाच्या क्षेत्रात राहायला जावे, असा हुकूम काढला. शहराच्या चांगल्या भागात कष्टाने जम बसवलेल्यांना याचा सर्वाधिक फटका बसला. घरे व दुकाने पडेल भावात विकावी लागली. क्षेत्राबाहेर जायला पास लागे, आणि तो देणारा गोया नावाचा अधिकारी स्वतःला ‘ज्यूंचा राजा’ म्हणवून घेई. १७ जुलै १९४५च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात या वस्तीतील तीसहून अधिक निर्वासित आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त चिनी रहिवासी मारले गेले.

युद्धानंतर अमेरिकन सैन्याबरोबर नोकऱ्या आणि डॉलर आले, पण नव्याने दुकान मांडण्याची उमेद फार थोड्यांत उरली होती. चिनी यादवी युद्ध आणि बेसुमार चलनवाढ यांनी राहिलेली कसर भरून काढली. अमेरिकेचा व्हिसा जन्मदेशाच्या कोट्यानुसार मिळत असल्याने कोणाची पाळी लवकर आली, कोणाची रखडली. अनेकांनी ऑस्ट्रेलिया आणि नव्याने स्थापन झालेले इस्रायल गाठले. १९४९मध्ये कम्युनिस्ट फौजा शहरात शिरल्या तोवर बहुतेक निर्वासित शांघाय सोडून गेले होते.