क्षार आणि उष्णतेचा धक्का : आर्टिमियाच्या पिल्लांची पहिली चोवीस तासांची कसोटी

मत्स्यबीज केंद्रात कोळंबीच्या पिल्लांना जे पहिले जिवंत खाद्य दिले जाते, त्यात आर्टिमिया या इवल्याशा जिवाचा मान मोठा आहे. नावात कोळंबीचे नाते सांगितले जात असले तरी हा खऱ्या कोळंबीचा जवळचा नातेवाईक नव्हे. तो त्याच कवचधारी वर्गातील अधिक प्राचीन शाखेचा आहे. भारतात त्याची पहिली नोंद महाराष्ट्रातच झाली. मुंबईतील वडाळ्याच्या मिठागरांत तो आढळल्याचे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले.

मिठागर हे या जिवाचे घर का, हे समजणे कठीण नाही. भरतीचे पाणी वाफ्यात घेतले की उन्हाने ते आटते आणि लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार हळूहळू शंभर ग्रॅमच्या पलीकडे जातात. तेथे मासा टिकत नाही, म्हणजेच आर्टिमियाला खाणारा कोणी उरत नाही. मात्र ही वाढ दिवसागणिक होते. खरा प्रश्न उद्भवतो तो जूनमध्ये. पहिल्या सरींचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. वरचा थर गोडसर, खालचा तीव्र खारा; त्यातच पाऊस उघडून ऊन पडले तर खालच्या थरात उष्णता कोंडते. काही इंचांच्या अंतरात क्षारता आणि तापमान दोन्ही बदललेले असतात. प्रौढ आर्टिमियाला हा बदल काही अंशी पेलतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे तसे नसते.

हे पिल्लू, म्हणजे नॉप्लियस अळी, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे आणि केशरी रंगाचे असते. प्रौढ आर्टिमिया खारे पाणी पितो, आतड्यातून पाणी शोषतो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे अतिखाऱ्या पाण्यातही त्याचे रक्त समुद्राच्या पाण्याहून कमी खारट राहते. क्रोघन या शास्त्रज्ञाने १९५८ साली हे दाखवून दिले. पहिल्या अवस्थेतील पिल्लाला मात्र उघडे तोंड नाही, कामाचे कल्ले नाहीत. त्याच्या मानेमागे घुमटासारखा एक अवयव असतो व तोच मीठ बाहेर टाकण्याचे काम करतो. या कामाला ऊर्जा लागते, आणि ती येते केवळ अंड्यातून सोबत आणलेल्या बलकाच्या शिदोरीतून.

येथेच सारी मेख आहे. क्षारता एकाएकी वाढली की शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. ती एकाएकी घटली की पाणी आत शिरते. दोन्ही वेळा समतोल सावरण्यासाठी शिदोरी खर्ची पडते. तापमान वाढले की चयापचय वेगाने चालतो आणि खर्च आणखी वाढतो. शिवाय पाणी जितके उष्ण आणि खारे, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. म्हणून एकट्या क्षारतेचा धक्का सोसणारे पिल्लू दोन्ही धक्के एकत्र आले की तळाला बसते. धक्का न बसताही, उपाशी राहिलेले पिल्लू पहिल्या अवस्थेतून पुढच्या अवस्थांत जाईपर्यंत आपली सुमारे पाव ऊर्जा गमावते. मासेपालकाच्या दृष्टीने हा तोटाच, कारण पिल्लू जिवंत दिसले तरी त्यातील पोषण घटलेले असते.

थंडीचा परिणाम निराळा आहे. पारा १० अंशांखाली गेला की पिल्लांची हालचाल मंदावते, पण ती लगेच मरत नाहीत. उलट खर्च थांबत असल्याने मत्स्यबीज केंद्रांत त्यांना मंद हवा देऊन थंड पाण्यात एखादा दिवस राखून ठेवण्याची पद्धत आहे.

समुद्रापासून दूर असलेल्या वेरूळ किंवा छत्रपती संभाजीनगर परिसरात शोभिवंत माशांच्या पिल्लांसाठी जे हौशी लोक बाटलीत आर्टिमियाची अंडी उबवतात, त्यांनाही हेच गणित लागू पडते. उबवणीला २५ ते २८ अंश तापमान, लिटरमागे २५ ते ३५ ग्रॅम मीठ, भरपूर हवा आणि उजेड लागतो. पिल्ले साधारण २४ तासांत बाहेर येतात. पठारावरची हिवाळी पहाट १० अंशांच्या आसपास आणि मे महिन्यातील दुपार चाळिशीपार, तेव्हा गच्चीवर किंवा खिडकीत ठेवलेली बाटली दगा देणारच. ती घराच्या आतल्या खोलीत ठेवावी. नळाचे थंड पाणी बाटलीत एकदम ओतू नये; पाणी बदलायचेच असेल तर थोडेथोडे मिसळावे.

पिल्ले गोड्या पाण्याच्या टाकीत सोडली की ती काही तासच तगतात. त्यामुळे एका वेळी मासे जितकी खातील तितकीच, दिवसातून अनेकदा द्यावीत. उरलेली मरून पाणी नासवतात.

मिठागरात मात्र जीव वाचवण्याची सोय निसर्गानेच केली आहे. क्षार वाढून प्राणवायू कमी पडू लागला की मादी जिवंत पिल्लांऐवजी जाड कवचाची अंडी घालते. ती पाण्यावर तरंगत काठाला लागतात, वाळतात आणि परिस्थिती अनुकूल होईपर्यंत तशीच पडून राहतात.