मथळ्यांचे मोल

जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली चाळीत बसण्यासारखी स्वस्त व निरुपद्रवी करमणूक दुसरी नाही, असे आमचे मत आहे. ज्या बातमीने त्या दिवशी घरोघर चहा निवला असेल, ती आज वाचताना जांभई येते. उलट घाईघाईने एखाद्या मजकुराच्या डोक्यावर बसविलेले चार शब्द मात्र शंभर वर्षांनंतरही तोंडपाठ असतात. मथळ्याचे आयुष्य एका दिवसाचे, अशी लिहिणाऱ्याची समजूत. पण त्याचे फळ कोणास, केव्हा आणि किती भोगावे लागेल, हे लिहिणाराही सांगू शकत नाही.

चुकलेल्या मथळ्याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या रात्री ‘शिकागो ट्रिब्यून’ या पत्राने ‘ड्यूईने ट्रूमनला हरविले’ असा ठळक मथळा छापून टाकला. तेथे जुळाऱ्यांचा संप चालू असल्यामुळे अंक नेहमीपेक्षा पुष्कळ आधी छापावा लागे. तेव्हा मतांची मोजणी पुरी होईपर्यंत थांबण्यास वेळ नव्हता, आणि ड्यूईच निवडून येणार याविषयी शहाण्यांस तर शंकाच नव्हती. ट्रूमन निवडून आले. दोन दिवसांनी सेंट लुईसच्या स्टेशनावर तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरून ते मनमुराद हसले, आणि त्या हास्याचे छायाचित्र अजरामर झाले. शिक्षा काय ती एवढीच.

आमच्याकडे मात्र न्याय निराळा होता. तेथे चुकलेल्या मथळ्यास हसे मिळाले. येथे बरोबर मथळ्यास तुरुंग मिळे.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यास ‘केसरी’ निघाला, आणि दुसरे वर्ष सरण्यापूर्वीच टिळक व आगरकर हे दोघेही डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध जी पत्रे खरी मानून मजकूर छापला, ती बनावट ठरली. शिक्षा चार महिन्यांची झाली. सुटल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ हे पुस्तक लिहिले. वाण्याच्या खातेवहीप्रमाणे हिशेब मथळ्यातच चुकता!

पुढे १८९७ साल उजाडले. पुण्यात प्लेग आणि प्लेगपेक्षा जाचक झडत्या. २२ जूनच्या रात्री रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, आणि सरकारने सबंध शहरावर डोळे वटारले. तेव्हा ‘केसरी’ने विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा प्रश्न मराठी घरात बाप उनाड मुलास विचारतो, किंवा बायको नवऱ्यास मनातल्या मनात विचारते. तो साक्षात सरकारास चव्हाट्यावर विचारला गेला, ही त्यातली खरी गंमत. याचे अक्षरशः इंग्रजी करू गेल्यास ‘शिर आपल्या जागी आहे ना’ एवढाच अर्थ निघेल. लगोलग दुसरा मथळा आला : ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’.

जुलै संपण्यापूर्वीच टिळकांस पकडण्यात आले. आता कोणासही विचारा, टिळकांस शिक्षा कशाबद्दल झाली? उत्तर ठरलेले : ‘सरकारचे डोके’. पण खटल्यातील आरोप त्या मथळ्यावर नव्हताच! तो होता १५ जूनच्या, म्हणजे रँडवरील गोळीच्याही आठवडाभर आधीच्या, अंकावर. त्यात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता होती आणि शिवराज्याभिषेकोत्सवातील भाषणांची हकीकत होती. लोकांनी मथळा ध्यानात ठेवला, सरकारने आतला मजकूर वाचला. वर्तमानपत्र नीट वाचणारा वर्ग त्या काळी कोणता होता, हे यावरून ताडावे.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी पंचांस कायद्यातील अप्रीती या शब्दाचा अर्थ समजावून दिला, तो असा की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे हाही गुन्हाच, असा याचा सूर निघाला. बायकोचे प्रेम फिर्याद करून मिळत नाही, हे पुण्यातल्या पोरासही ठाऊक. रयतेचे मात्र कलम लावून मिळते, अशी साम्राज्याची समजूत होती. नऊ पंचांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी पंचांनी निर्दोषी. शिक्षा दीड वर्षाची सक्तमजुरी.

मुदतीपूर्वी सुटून आल्यावर जुलै १८९९ मध्ये टिळकांनी पुन्हा लेखणी धरली, आणि मथळा दिला, ‘पुनश्च हरिः ॐ’. ना तक्रार, ना फुशारकी. खंडित झालेला पाठ पुढे चालू, इतकेच. या मथळ्याचे फळ तर फारच विनोदी. जून २०२० मध्ये साथीची टाळेबंदी सैल करताना महाराष्ट्र सरकारने आपल्या कार्यक्रमास हेच शब्द वापरले. एका सरकारने ज्यास कोठडीत घातले, त्याचाच मथळा साथीच्याच प्रसंगी दुसऱ्या सरकारने उसना घेतला!

१९०८ साली पुन्हा दोन मथळे, ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. या वेळी न्यायासनावर दावर होते. १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून हेच दावर उभे राहिले होते. आता न्यायमूर्ती म्हणून त्यांनी जामीन नाकारला. मराठी शब्दांचे इंग्रजी चुकीचे केले आहे, म्हणून टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. पण पंचांतील सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थांपुढे मराठीची थोरवी सिद्ध करावयाची, म्हणजे बहिऱ्यापुढे गाणेच. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षास एक दिवस या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवले. त्यांतील किती जणांस तो लेख वाचता आला असेल? मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून झाले. दडपशाहीचे उपाय टिकाऊ नाहीत, असे म्हणणाऱ्यावर सरकारने तोच उपाय योजला, आणि त्याचे म्हणणे आपल्या हातांनी खरे करून दाखविले.

हे सारे आठवताना हसू येते खरे, पण ते फार वेळ टिकत नाही. त्या चार शब्दांखाली लिहिणाऱ्याने आपली वर्षे गहाण ठेवलेली असत. आम्ही आज मथळा वाचून मत बनवितो, भांडतो आणि आतला मजकूर तसाच ठेवून देतो. निदान जुन्या सरकारचा एवढा तरी गुण घ्यावा : त्याने टिळकांस कोठडीत घालण्यापूर्वी त्यांचा लेख शेवटपर्यंत वाचला होता.